परीटखूण

समोरच्या दारातून आत गेले
ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी,
हातात टोकन, नंबर सदतीस.

हिरण्यकेशीच्या वळणावरचा हा राजवाडा
कुणा फ्रेंच माणसानं कागदावर काढला म्हणतात.
तो स्वतः इकडं कधी फिरकला नाही,
म्हणून छपराला एवढा उतार, बर्फ घसरावा असा,
आणि वर आमचं हुक्केरीचं ऊन.

आता पाटी कन्नडमध्ये: पुरसभा.
नाचघरात घरपट्टी,
राणीसाहेबांच्या आरशाखाली जन्म-मृत्यू.
झुंबराच्या हुकाला पंखा टांगलाय,
दर फेऱ्याला एकाच जागी
कुरकुरतो.

बाबा मागल्या दारानं यायचे.
गाढवावर गठडं, मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं.
वाडा त्यांनी कापडावरनंच वाचला:
मेजवानीला किती पानं, कुणी दारू सांडली,
कोण रात्रभर उशीवर रडलं.
आणि पडद्यांवरून खिडक्या.
"अकरा हात," सांगायचे, "एकेक खिडकी.
बघितली नाही कधी, पण अकरा हात."

मी रांगेतनं डोळ्यांनी मोजत होते.
आठाच्या वर जाईना.
उरलेले तीन हात जमिनीवर
नुसते लोळत असणार.

"तंदे हेसरु?"
रवळू सटुप्पा परीट.
मी मराठीत सांगितलं, हिरेमठबाईंनी कन्नडमध्ये लिहिलं,
ळ म्हणताना
दोघींचीही जीभ तशीच मागं वळली.
इतक्या वर्षांनी कशाला?
जागा नावावर करायचीय, म्हटलं.

चौऱ्याऐंशी सालचं दप्तर निघालं.
गाठ सुटता सुटेना. जाडजूड कापड,
कधीकाळी हिरवं असावं.
टोकाला, दुमडीच्या आत,
बिब्ब्याचे तीन ठिपके, एक तिरकी रेघ.
सोड्याला भ्याली नाही, नदीत गेली नाही,
आमच्या घरची खूण.

वडलांची सही, अंगठा,
काही पुरावा आहे का, बाई विचारत होत्या.
मी ठिपक्यांवर बोट ठेवलं.
त्यांनी कापड हलकेच बाजूला सरकवलं,
रजिस्टर उघडलं,
पानांवर खालीवर बघितलं.
"सिगवल्दु. नाळे बर्री."
उद्या. बरं.

मग दप्तर पुन्हा बांधलं, गच्च.
खुणेचं टोक आत गेलं.

बाहेर पडताना वाट चुकले
आणि मागल्या दाराशी आले.
तिथं दगडी हौद आहे अजून,
कोरडा,
त्यात मोडक्या खुर्च्या टाकल्यात.