भिंत क्रमांक तीन

सुताचं गोदाम होतं हे.
अजूनही पंखा लावला की छतातून
कापसाची लव उतरते खाली,
चित्रं लावायला आलेली पोरं म्हणतात, काका, धूळ.
झाडतो मी रोज. उद्घाटन असलं की दोनदा.

किल्ल्या माझ्याकडे, खिळे माझ्याकडे,
शिडीही मलाच ओळखते,
तिसरी पायरी हलते तिची.

काय काय टांगलंय या भिंतींवर.
शाळेच्या पोरांनी काढलेलं सिद्धेश्वराचं तळं,
चाळीस तळी, चाळीसही निळी.
एकदा विड्या वळणाऱ्या हातांचे फोटो होते.
त्या बाया स्वतः आल्या पाहायला, कन्ना चौकातून चालत,
प्रत्येकीनं आपला हात शोधला,
तेलुगूत एकमेकींच्या नखांना हसल्या,
आणि फोटोंखालीच डबे उघडले.
खाऊ नये असा नियम आहे. पाटी मीच लावलीय.
त्या दिवशी मी पाटीकडे पाठ करून बसलो,
अंबव्वानं कडक भाकरीचा तुकडा पुढं केला तोवर.

मग ही आली, ईशानी, पुण्याची.
बंद कारखान्यांच्या भंगारातून
किलोच्या भावानं घेतलेली जेकार्डची कार्डं,
दोरीनं एकाला एक शिवलेली, बाराशे.
छतापासून फरशीपर्यंत सोडायची,
मागून दिवा, भोकांतून उजेड.
चित्राचं नाव छापून आणलं होतं : मौन.

मी शिडीवर. खालून ती,
थोडं डावीकडे काका, अजून थोडं.
डोळ्यांआधी बोटांनी वाचलं.
बावीस वर्षं पंचिंग केलेली बोटं,
भोक म्हणजे धागा वर,
भोक नाही म्हणजे धागा खाली,
यात मौन कुठलं आलं?
मोर होता तो.
गुंडेटी शेठच्या कारखान्यातला,
शहाऐंशीचा गड्डा उठला त्या आठवड्यातली ऑर्डर,
चादरीच्या काठावर मान मागं वळवून चालणारा.
आणि आता पाय वर, तुरा फरशीला.
उलटा टांगला होता मी त्याला.

अजून एक.
मानेपाशी एका कार्डावर एक भोक जास्त आहे.
माझंच. रात्रपाळीचं.
सहाशे चादरी गेल्या तशाच, सहाशे मोरांच्या गळ्यात
एक धागा नको तिथं वर.
कुणी परत आणली नाही.
कुठं कुठं कोण कोण झोपलं असेल त्याखाली.

संध्याकाळी पाहुणे आले, समई दोनदा विझली,
अध्यक्ष मौनावर वीस मिनिटं बोलले.
एकविसाव्या मिनिटाला मागच्या रांगेत फोन वाजला.
"पाणी आलंय!"
पाचवा दिवस होता.
खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या,
अध्यक्षांचीही पेठ तीच.
शेंगाचटणीचे सँडविच तसेच राहिले ताटात,
आणि सतरंजीवर ती एकटी.

"आवडलं नाही का काका लोकांना?"
म्हटलं, पोरी, पाण्यापुढं इथं देवसुद्धा थांबतो.
मग काय झालं कोण जाणे,
हात वर केला अन् दाखवला तिला,
ही चोच. हा पाय. हा पिसारा, तिकडं छताशी.
बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिली,
आणि एकदम दिसला तिला. तोंडावर हात गेला.
भोकाचं नाही सांगितलं.

"सरळ करू या? की असाच राहू दे?
तुम्ही सांगा."
या गोदामात चित्राबद्दल मला
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, आता रात्र झाली, पायरी हलते, उद्या बघू.

अभिप्राय वही मिटली.
छान. उत्तम. एकानं लिहिलं होतं, पंखे वाढवा.

घरी बायको पिंपांवर झाकण्या ठेवत होती,
कोपरापर्यंत ओली.
"काय होतं आज तुमच्याकडं?"
"मोर."
"बरं," म्हणाली, "ती घागर तेवढी आत घ्या."