मनगटाचा फोटो

भायखळ्याच्या सरकारी इस्पितळात,
तळमजल्यावर, तीन नंबरच्या खोलीत
मी तेहतीस वर्षं मनगटांचे फोटो काढले.

बुधवारी डोंगरीहून गाडी यायची.
हवालदार घोसाळकर कागद पुढे करायचे:
वयनिश्चिती. खाली जावक क्रमांक, शिक्का पुसट.
मागे पोरगा, चपला हातात धरून,
थंड फरशीला बिचकलेला.

मी म्हणायची, तळहात पालथा ठेव. बोटं पसर.
हलू नकोस.
एवढंच आमचं बोलणं.

हाडाच्या टोकाशी एक बारीक काळी फट असते.
कूर्चा. तिथून माणूस वाढतो.
फट दिसली तर पोर, बुजली तर बाप्या,
डॉक्टर मिस्त्री इतकं सोपं करून सांगायच्या
आणि मग चष्मा पुसत:
"वडापाववर वाढलेलं हाड
पुस्तकातल्या गोऱ्या पोरांसारखं वागत नाही गं.
एखादं वर्ष इकडे, एखादं तिकडे."

त्या एका वर्षात
पोरगा डोंगरीला राहायचा
नाहीतर आर्थर रोडला जायचा.

मी नोकरीला लागले तेव्हा रेघ सोळावर होती.
मुलींना अठरा. का, ते कुणी सांगितलं नाही.
आमचा वॉर्डबॉय धोंडू पालेकर म्हणायचा,
त्याच्या आज्याच्या वेळी भानगडच नव्हती,
साहेब मिशी बघायचा,
वेताचे फटके मोजायचा
आणि घरी हाकलायचा.
हे सांगताना तो हसायचा, आणि हाताने पाठ चाचपायचा,
जणू फटके त्यालाच बसलेत.

नळबाजारातून टेपरेकॉर्डर उचललेला एक होता.
नखं कुरतडलेली. फट जवळजवळ बुजलेली.
अहवाल गेला: सोळा पूर्ण.
दोन वर्षांनी कायदा बदलला, रेघ अठरावर गेली.
मी त्या दिवशी जुनी फिल्म शोधायला गेले.
रेकॉर्डरूममध्ये वाळवी लागली होती.
सापडली असती तरी काय केलं असतं?

पुढे दिल्लीत ते घडलं.
चौकाचौकांत मेणबत्त्या. मीही लावली एक.
माझी मुलगी तेव्हा रात्रपाळीवरून परतायची,
किल्लीचा आवाज येईपर्यंत मी जागी असायची.
रेघ परत खाली आली. सगळ्यांसाठी नाही,
भयंकर गुन्ह्यांपुरती.
आता म्हणे हाडाबरोबर मनही तपासायचं,
त्याला कळत होतं का, काय करतोय ते.
मनाला कुठली पट्टी लावणार, कोण जाणे.
माझ्या यंत्रात ती सोय नव्हती.

एकदा बाकावर दोन बाया शेजारी बसलेल्या.
एकीचा मुलगा आत माझ्यापुढे.
दुसरीची मुलगी वरच्या मजल्यावर, टाके घातलेली.
दोघींना माहीत नव्हतं, कोण कोणाची.
एकीने दुसरीला पाण्याची बाटली दिली.
मी दार लावून घेतलं.

जन्मतारीख विचारली की आया सांगायच्या:
आमची झोपडी तोडली त्या साली.
दंगलीनंतरच्या शिमग्याला.
शाळेच्या दाखल्यावर मात्र एक जून.
मास्तरांनी पटावर घेताना लावलेली,
अख्ख्या वर्गाची एकच.
माझीही एक जूनच आहे.
म्हणून मी एकतीस मेला निवृत्त झाले,
हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ घेऊन.
माझ्या मनगटाचा फोटो कुणी मागितला नाही.

त्या आठवड्यातला शेवटचा पोरगा
शहाणा होता. कोर्टाच्या पायऱ्या चढून आलेला.
तळहात पालथा ठेवला, बोटं आपणच पसरली,
मग हळूच विचारलं,
"मॅडम, किती आलं तर बरं?"

तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.
मी काचेमागे गेले.
बटणावर बोट ठेवलं.

हलू नकोस, म्हटलं.