उशीर कुणाचा

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
खाली पावडर कोटिंगचा गाळा, वर आमची खोली:
चार संगणक, एक गळका कूलर,
आणि काळ्या पडद्यावर कधीही उगवणारं
एक पांढरं वर्तुळ.
दिसलं की स्पेसबार दाबायचा. एवढंच.

पण दिसलं म्हणजे नेमकं कधी?
पडदा सेकंदाला साठदा पुसून पुन्हा काढला जातो.
मधल्या सोळा मिलिसेकंदांत जे आलं
ते पुढच्या खेपेला.
कीबोर्ड आपल्या सवडीने निरोप पोचवतो.
ब्राउझर तर घड्याळाची धार मुद्दाम बोथट करून देतो,
म्हणे, फार बारीक वेळ हाती लागली
तर चोरांना त्यातून गुपितं वाचता येतात.

म्हणून मी पडद्याच्या कोपऱ्यात
उजेड ओळखणारा एक डोळा चिकटवलाय,
काळ्या इन्सुलेशन टेपने.
यंत्राने किती वेळ खाल्ला ते तो सांगतो.
ठरलेला उशीर वजा करता येतो.
लहरी उशिराचं काही करता येत नाही,
तो बसतो माणसाच्या नावावर.

हे मी तेविसाव्या माणसाला
सहज बोलून गेले.

बाळाराम दुधवडकर, वय अडुसष्ट,
राहणार किसन नगर, बसने आलेले.
कुठला हात वापरता? फॉर्मवरचा प्रश्न.
त्यांनी उजवा टेबलावर ठेवला:
अंगठा आणि करंगळी.
मधलं सगळं याच रस्त्याला, तीन गाळे पलीकडे,
चाळीस टनी प्रेसखाली, एक्क्याऐंशी साली.
"डावा लिहा," म्हणाले.

मग पडद्याकडे बघतच:
"चौकशी झालती आमची.
साहेबानं लिवलं, कामगाराने हात काढण्यास विलंब केला.
पायडल सोडलं तरी ती प्रेस
एक ठोका जास्तीचा मारायची. कधीमधी. रोज नाय.
आता तुम्ही सांगा बाई,
त्यात माझा उशीर किती न् तिचा किती,
कोणी मोजलावता?"

मी टेप दाबून बसवली.
ती बसलेलीच होती.

चारशे बारा. तीनशे अठ्ठ्याऐंशी. चारशे पाच.
खाली गाळ्यात कुणीतरी पत्रा टाकला
तेव्हा पाचशे चाळीस.
मी आकडे वाचून दाखवत नाही, नियम आहे,
पण ते माझ्याच तोंडाकडे बघून अंदाज घेत होते,
फोरमनकडे बघावं तसे.

चाळिसाव्या खेपेला
वर्तुळ उगवायच्या आधीच बोट खाली गेलं.
उणे एकशे बारा.
ओळ लाल झाली: अमान्य, घाईने दिलेला प्रतिसाद.

"चुकलं काय?"
हात लवकर निघाला, म्हटलं. हा आम्ही धरत नाही.

ते पहिल्यांदाच हसले.
डावा हात उचलून उजेडाकडे धरला,
पाचही बोटं पसरून.
"ह्यो धरा. त्या दिवशी ह्योच पायजे होता."

शंभर रुपयांच्या पावतीवर त्यांनी सही केली, सावकाश.
जिन्यावरून पावलं उतरत गेली.

रात्री तक्ता साफ करताना
अमान्य ओळी काढून टाकायच्या असतात.
सगळ्या काढल्या.
तेवीस, खेप चाळीस, उणे एकशे बारा:
कर्सर तिच्यावर उभा आहे,
लुकलुकतोय,
आणि माझं बोट
अजून निघालेलं नाही.