अनोळखी स्त्री, डावा हात खुर्चीवर

गुरनुल्यांच्या स्टुडिओतल्या काचा
धानाच्या कोंड्यात पुरून आल्या आमच्याकडे,
चौदा पोती.
कोंडा झटकायचा, उजेडावर धरायचं,
काळ्याचं पांढरं करून वाचायचं
आणि रजिस्टरात लिहायचं :
मुलगा, टोपी. जोडपं, मध्ये फुलदाणी.
म्हातारा, डोळ्यात फूल.

पहिल्याच महिन्यात कळलं,
सगळ्या पुरुषांचा कोट एकच आहे.
तिसरं बटण नाही त्याला.
कोतवाल, ढिवर, नव्याने लागलेला मास्तर,
तलाठ्याचा मेहुणा,
सगळे त्याच कोटात;
कोणाला तो गुडघ्यापर्यंत, कोणाच्या काखेत ताणलेला.
दोनशे अकरा वेळा मी लिहिलं : कोट तोच.
मग लिहायचं सोडलं.

सगळंच काही हाती आलं नाही.
गुरनुले गेल्यावर पोरानं शेकडाभर काचा
सोड्यानं घासून खुराड्याला लावल्या.
सिंदेवाहीला जाऊन मी पाहून आले ते खुराडं.
एक काच नीट घासली गेली नव्हती.
सकाळचं ऊन तिच्यातून आत आलं
आणि खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पाठीवर
कुणाचं तरी मुंडावळ्या बांधलेलं कपाळ
पुसट, हळूहळू डावीकडे सरकत गेलं.
ती काच मी मागितली.
तो म्हणाला, मग वारा शिरल न मॅडम.

मंडईच्या दिवशी प्रदर्शन लावलं,
शाळेच्या व्हरांड्यात, सुतळीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी.
बाहेर आकाशपाळणा, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग,
रात्रीच्या नाटकाचा भोंगा.
लोक आले, आणि फोटो बघेनात,
माझ्या चिठ्ठ्या वाचायला लागले.
फूल नाही पोरी, देवी निघाली होती त्याला.
हे जोडपं कुठलं, बहीणभाऊ आहेत;
नवरा रुसून घरीच राहिला होता.
मी पेन्सिल घेऊन त्यांच्या मागे मागे.

तीनशे सतराला मात्र कोणी हात लावला नाही.
नऊवारी, नथ, हात खुर्चीच्या पाठीवर,
खुर्चीवर बहुतेक शाल,
आणि नजर अशी
की कॅमेऱ्यानंच मान खाली घालावी.
पुरुष तिच्यासमोर जरा जास्तच रेंगाळत
आणि पुढे सरकत.

सायत्राबाई मांढरे दिवेलागणीला आल्या.
हातात शिंगाड्यांची पिशवी, सोबत नातू.
तीनशे सतरापुढे उभ्या राहिल्या.
पिशवीतून पाणी ठिबकत होतं, फरशीवर डाग वाढत होता.
मग तोंडाला पदर लावून हसल्या :
ही बाई नोहे जी.
हा त माजा बाप आये.

डोमाजी.
दिवसा तलावाचं पाणी वाटायचा, रात्री दंडारीत राणी.
मिशी काडली तवा माय चार दिस बोलली नाई त्याच्यासंगं.
मांगून तिनंच नथ देल्ली.

मी पेन्सिल टेकवली, ‘अनोळखी’ खोडायला.
त्यांनी माझं मनगट धरलं.
राहू दे.
सत्तर वर्सं झाली,
सकाऱपासून इतक्या लोकानं पायला,
अजून कोनी ओरखला नाई त्याले.
बोलताना त्यांची मान अशी ताठ,
जणू आत्ताच बापाचा निकाल लागला.

नातवानं मोबाइलमध्ये फोटोचा फोटो काढला.
राणीच्या गळ्यावर ट्यूबलाइटची रेघ आली.
आजीला ती चालली. दागिना दिसते, म्हणाल्या.

रात्री नाटकाचा पहिला अंक भोंग्यावर सुरू असताना
मी ती काच पुन्हा भिंगाखाली घेतली.
खुर्चीवरची ती शाल नव्हे.
एक बटण, दुसरं बटण,
मग नुसता दोरा.

रजिस्टर उघडलं.
‘अनोळखी स्त्री’पुढे, बारीक अक्षरात लिहिलं :
तपासलं. बरोबर आहे.