खडूची खूण

उद्यमबागेतल्या फौंड्रीत एकतीस वर्षं
मी लोखंड ऐकलं.
कास्टिंग तारेला टांगायचं, हातोडीचा एक टोला.
घंटेगत वाजलं की पास.
बद्द वाजलं की आत भेग आहे,
खडूनं फुली, जा परत भट्टीत.
माझ्या सहीनं गेलेले पंप
दावणगिरीपर्यंत पाणी उपसतात अजून.

म्हणून रविवारी मैदानावर
लोक माझ्या शेजारची जागा धरायचे.
"सांगा की भरमाण्णा, ह्यातलं कोण वर जाणार?"
आणि मी सांगायचो.

नेताजी हुंदऱ्याला म्हणालो, दोन वर्षांत इंडिया.
लाल मुरुमावर चेंडू कसाही उडू दे,
त्याच्या स्टिकला डिंकानं चिकटवल्यागत.
मग सगळीकडं टर्फ आलं.
पहिल्याच शिबिरात त्या ओल्या हिरव्यावर
चेंडू पुढं, नेताजी मागं,
आणि पंधराव्या दिवशी नेताजी घरी.
आता निपाणीत तंबाखूच्या वखारीत काट्यावर बसतो.
भेटला की मनगट फिरवून दाखवतो,
हातात पावतीबुक असतं.

आयूब सनदीला म्हणालो, हा गोलकीपर?
चष्मा काढला तर ह्याला स्वतःचा गोल दिसायचा नाही.
तो रेल्वेकडून चौदा वर्षं खेळला.
दर दिवाळीला धारवाडी पेढे पाठवतो,
डब्यावर पेनानं लिहिलेलं असतं: चष्म्याकडून.

शिवलीला अंगडीचं सांगितलं
की लग्न होईल, स्टिक माळ्यावर जाईल.
लग्न झालं. स्टिकही गेली माळ्यावर.
गेल्या साली ती आली शिट्टी घेऊन, अंपायर.
मी रेषेवर उभा होतो, सवयीनं, एक पाय आत.
"हिंदक सरीरी, काका."
साऱ्या मैदानादेखत.
"हौदरी," म्हणालो, आणि सरलो.

हे सगळं तारखेसकट लिहून ठेवलंय,
हजेरीच्या जुन्या रजिस्टराच्या पाठकोऱ्या पानांवर.
बायको म्हणते, रद्दीला घाल.
मित्र म्हणतात, वाच की एकदा, हसू तरी.
मी वाचतो. हसतात. मीही हसतो.
एक पान सोडून.

येळ्ळूरच्या इराप्पा गवंड्याचा श्रीधर.
बेंगळूरच्या हॉस्टेलात निवडला गेला होता.
बाप हातापायाला चुना तसाच घेऊन
फौंड्रीच्या गेटवर आला, फॉर्म दाखवला.
"तुमी बगा, मग धाडतो."
मी दहा मिनिटं बघितलं. दहाच.
गुडघे आत वळतात पोराचे, म्हणालो,
विशीच्या पुढं काढणार नाहीत. नको.
बापानं फॉर्मची घडी घातली,
टोपीत ठेवली, टोपी डोक्यावर.
पोरगं माझ्या हातातल्या खडूकडं बघत होतं.

रजिस्टरात त्याच्यापुढं लिहिलंय: खेळणार नाही.
आणि शेजारी, पुढं कधीतरी, दुसऱ्या शाईनं: बरोबर.

परवा खानापूरची बस धरली.
पाटी कानडीत, मी रंग आणि माणसं बघून चढतो.
कंडक्टर श्रीधर.
गर्दीत, दांडा न धरता, उभा.
घाटात बस झुलत होती
आणि तो सगळं वजन कमरेखाली सोडून
नुसता डोलत होता, चेंडू येईल असा.
विचारलं, गुडघे कसे आहेत रे?
"गुडघ्यांना काय झालंय?" म्हणाला.
मग जरा थांबून,
"सुट्टे द्या की, भरमाण्णा."

ह्या रविवारी नवीन पोरं आलीत.
एकजण डावीकडनं असा सुटतो
की माझे कान आपोआप टवकारतात.
शेजारचा कोपर मारतो, कसा वाटतो?
उन्हाचं नीट दिसेना बघ, म्हणतो.

आभाळ भरलेलंय.
शर्टाच्या खिशात खडू अजून सापडतो मला,
रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी.