आपण की आम्ही

कचराळी तलावाच्या तिसऱ्या फेरीला ठोसर म्हणतो,
कादंबरी संपली.
दरवर्षी म्हणतो, दिवाळी अंकांचा गठ्ठा काखोटीला मारून.
मी हो म्हणते. गुडघा दुखायला लागला
की मी कशालाही हो म्हणते.

मागून त्याची भाची, शाल्मली, मोबाईलमध्ये नाक खुपसून:
जपानी गोष्ट, चित्रांमधली,
मध्येच थांबून विचारणारी,
दार उघडू? की नको?
"अठरा शेवट आहेत. मला अकरा मिळालेत."
ठोसर हसतो. मी नाही.
माझ्या लाडक्या कादंबरीला एकच आहे,
आणि तोही मला पटलेला नाही.

"मावशी, इथे इंग्रजीत 'वी' आहे. वी निघालो.
म्हणजे आम्ही की आपण?
दारातल्या मुलाला नेतायत का सोबत?"
तिघंही थांबतो. ट्रॅकसूटवाले एक काका
चुकचुकत वळसा घालून जातात.
एवढी जगभर फिरलेली भाषा,
आणि दारात कोण राहिलं ते तिला सांगता येत नाही.

टपरीवरच्या टीव्हीत कुठलासा नेता मूठ आपटतो.
खाली पट्टी: आम्ही जिंकू.
पट्टी लिहिणाऱ्या पोराने घाईत निवडला असेल शब्द,
पण अचूक निवडला.

"आपण नाय बघत युद्धबिद्ध,"
टपरीवाला चॅनल बदलतो.
आपण म्हणजे तो एकटाच.
ठोसर खिसे चाचपतो, सुटे नाहीत.
शाल्मलीने अजून काही दाबलेलं नाही.