पान नंबर चौदा

मतदार यादीतलं चौदावं पान माझ्याकडे.
तीस नावं. दांडिया बाजारातल्या दोन गल्ल्या, एक अपार्टमेंट.
शिर्केकाकूंना रिक्षा लागते.
डोंगरे नवराबायको भांडून वेगवेगळे येतात,
मत एकच देतात, असं मी धरून चालतो.
सव्विसावं नाव माझं, सत्ताविसावं भद्रेशचं.
घर क्रमांक तोच.
पुढच्या रकान्यात दोघांच्याही बापांची नावं.
यादीला एवढंच विचारता येतं.

पक्षात बावीस वर्षं झाली.
मला वेळेवर सुरू होणारी सभा आवडते,
इस्त्रीचा सदरा, मोठ्यांच्या पाया पडणं.
हे नाटक नाही.
नाटक असतं तर सोपं गेलं असतं.

आमच्यासारख्यांचा खटला वर कोर्टात होता
(आमच्यासारखे, हे मी मनातही हळू म्हणतो)
तेव्हा कार्यालयात पत्रक आलं: कुटुंबावर घाला.
झेरॉक्सला मलाच धाडलं, रावपुऱ्यात.
दोनशे प्रती. गरम कागद.
मी कडा जुळवल्या,
एकही तिरकी जाऊ दिली नाही.

त्या रात्री भद्रेशनं खिचडी वाढली, कढी वाढली,
आणि ताट उचलताना म्हणाला,
तारी पार्टी छे, तुं जाणे.

त्याचा मावसभाऊ न्यू जर्सीहून सांगतो,
तिकडेही आहेत असे, उजव्या पक्षात, टाय लावणारे,
कित्येक वर्षं उंबऱ्यावर.
कधी त्यांची देणगी घेतात, कधी परत पाठवतात.
अधिवेशनात टेबल मिळालं नाही
तर समोरच्या हॉटेलात मांडतात.
दोन्हीकडच्या शिव्या खातात.
मी विचारलं, आणि मत?
तो फोनवर नुसता हसला.

या खेपेला साडेचारपर्यंत एकोणतीस खुणा झाल्या.
घरी गेलो. भद्रेश बूट घालून बसलेला.
शिर्केकाकूंना न्यायला जातोस, म्हणाला,
मला कोण नेणार?
स्कूटरवर मागे बसला. खांद्यावर हात ठेवला नाही,
रस्ता आपलाच होता.
कुणाला दिलं, मी विचारलं नाही.

कार्यालयात प्रमुखांनी पान पाहिलं. शाब्बास चिटणीस, पुरे तीस.
मग सत्ताविसाव्यावर बोट:
हा तुमचा भाडेकरू ना?
चार निवडणुका हेच विचारतात,
चार निवडणुका मी हो म्हणतो.

घर त्याचं आहे, म्हणालो. भाडेकरू मी.

ते हसले. मीही.
बाहेर मांडववाला थांबला होता,
खुर्च्या मोजून द्यायच्या होत्या.